भौतिकोपचाराचा व्यवसाय : तयारीचा प्रारंभ शाळेतच

(शिक्षक, अधिकारी आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर रत्नागिरी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोकण विभागीय मंडळाचा निकाल ही रत्नागिरीकरांच्या अभिमानाची बाब आहे. २०२५ मध्ये या विभागाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के आणि बारावीचा ९६.७४ टक्के लागला. दोन्ही परीक्षांत हा विभाग राज्यात अग्रस्थानी राहिला. या यशाचे श्रेय विद्यार्थ्यांइतकेच डोंगरकपारीतील शाळांतून निष्ठेने शिकविणाऱ्या शिक्षकांना आहे, हे निर्विवाद होय. परंतु निकाल हा रस्त्याचा शेवट नसतो. तेथे रस्त्याला फाटे फुटतात. दहावीचा निकाल हाती पडल्यावर अवघ्या काही आठवड्यांत शाखा आणि विषय निवडावे लागतात, आणि त्या धांदलीत घेतलेला निर्णय विद्यार्थ्याला आयुष्यभर सोबत करतो. जे व्यवसाय त्याच्या कानावर आलेले असतात त्यांतूनच तो निवड करतो. जे कधी कानावर आलेच नाहीत, ते त्याच्यापुरते नसल्यासारखेच असतात.

भौतिकोपचार, म्हणजे ज्याला सर्वत्र फिजिओथेरपी म्हटले जाते, हा असाच एक व्यवसाय आहे. डॉक्टर, अभियंता, शिक्षक, बँकेतील अधिकारी ही नावे वाडीवस्तीवरील मुलालाही ठाऊक असतात. भौतिकोपचारतज्ज्ञ हे नाव बहुधा तेव्हा कळते, जेव्हा घरातील कोणी अंथरुणाला खिळतो किंवा बारावीनंतर वैद्यकीय प्रवेश हुकतो. पहिल्या प्रसंगी फार उशीर झालेला असतो आणि दुसऱ्या प्रसंगी हा व्यवसाय दुय्यम म्हणून पत्करला जातो. हे दोन्ही टाळावयाचे असेल तर या व्यवसायाची ओळख आठवी ते दहावी या वर्षांतच व्हावयास हवी. या भाषणाचा सारा रोख एवढ्या एका मुद्द्यावर आहे.

भौतिकोपचार म्हणजे काय

भौतिकोपचार म्हणजे मालीश, अशी समजूत आजही खेडोपाडी आढळते. वस्तुतः हे शरीराच्या हालचालीचे शास्त्र आहे. व्यायाम, हस्तकौशल्य, उष्णता, शीतलता, विद्युत्प्रवाह, आसनांची योग्य मांडणी आणि चालण्या-उठण्याचे पुनःशिक्षण ही त्याची साधने होत. रोग्याचे प्राण वाचविणे हे शल्यचिकित्सकाचे व वैद्याचे काम. वाचलेला माणूस पुन्हा आपल्या पायावर उभा राहावा, हे भौतिकोपचाराचे काम.

काही उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. मांडीचे हाड मोडले, प्लॅस्टरमध्ये ते उत्तम सांधले गेले, पण दोन-तीन महिने न हललेला गुडघा आखडला आणि माणूस जमिनीवर बसेनासा झाला. हाड बरे झाले, माणूस बरा झाला नाही. पक्षाघाताच्या रुग्णाच्या मेंदूचा काही भाग निकामी होतो. परंतु तीच हालचाल पुनःपुन्हा, योग्य रीतीने करवून घेतल्यास मेंदूचे शाबूत भाग ते काम काही प्रमाणात शिकून घेतात. पहिले काही महिने यासाठी विशेष मोलाचे असतात. ते वाया गेले तर पुढे तेवढेच फळ मिळविण्यासाठी कितीतरी अधिक कष्ट पडतात. शस्त्रक्रियेनंतर निजून राहिलेल्या वृद्धाच्या छातीत कफ साचून फुप्फुसांना संसर्ग होण्याचा धोका असतो; श्वसनाचे व्यायाम आणि वेळेवर बसते-उठते करणे यांनी तो कमी होतो. २०२० व २०२१ मधील कोविडच्या साथीत दीर्घकाळ प्राणवायूवर राहिलेल्या अनेक रुग्णांना पुन्हा जिना चढता यावा म्हणून हेच उपचार करावे लागले. जन्मतःच मेंदूला इजा झालेल्या बालकाला मान सावरण्यापासून बसण्यापर्यंतचा प्रत्येक टप्पा शिकविणारी व्यक्तीही भौतिकोपचारतज्ज्ञच असते.

मुंबईत पडलेला पाया

या शास्त्राचा आपल्या देशातील इतिहास महाराष्ट्राशी निगडित आहे. मुंबईतील फातिमा इस्माईल यांच्या लहानग्या मुलीला पोलिओने गाठले. त्या काळी अशा बालकांसाठी पद्धतशीर उपचारांची सोय जवळपास नव्हती. स्वतःच्या मुलीसाठी उपचार शोधता शोधता इतर मातांचे दुःख त्यांना उमगले आणि १९४७ मध्ये त्यांनी अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. या कार्याबद्दल १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. १९५५ मध्ये हाजी अली येथे अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी या व्यवसायातील मंडळींची भारतीय संघटनाही अस्तित्वात आली.

ज्या पोलिओमुळे हे शिक्षण सुरू झाले, तो पोलिओ आता देशातून गेला आहे. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मग भौतिकोपचाराची गरज संपली काय? नाही. आयुर्मान वाढले, वाहने वाढली, मधुमेह व रक्तदाब वाढले, आणि त्यांच्याबरोबर पक्षाघात, अपघात व सांधेदुखीही वाढली. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या ज्या बालकांना पूर्वी वाचविता येत नसे, ती आता वाचतात. त्यांपैकी काहींना पुढे हालचालीसाठी मदत लागते. एका रोगासाठी सुरू झालेले शास्त्र आज जन्मापासून वार्धक्यापर्यंत प्रत्येक अवस्थेला स्पर्श करीत आहे.

रत्नागिरीची विशेष गरज

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया हे २०११ मधील प्रमाणही तेच सांगते. कमावत्या वयाचा पुरुष मुंबई-पुण्याला गेला. मागे राहिली ती वृद्ध माणसे आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रिया. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो. एरवी पडवीत बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला उठवून दोन पावले चालविणारे कोणी घरात नसते.

येथील श्रमाचे स्वरूपही शरीराला ताण देणारे आहे. आषाढात चिखलात दिवसभर वाकून भाताची लावणी, चिरेखाणीत जांभ्या दगडाची उचल, मिरकरवाड्यासारख्या बंदरांवर जाळी ओढणे, काजूच्या कारखान्यात तासन् तास एकाच बैठकीत काम, आणि माड, पोफळी व आंब्याच्या उंच झाडांवरची चढण. झाडावरून पडून मणक्याला इजा झालेला तरुण हे कोकणातील जुने दुःख आहे. असा तरुण शस्त्रक्रियेनंतर घरी येतो तेव्हा त्याच्यापुढे चाळीस वर्षांचे आयुष्य उभे असते. ते खाटेवर जाईल की चाकाच्या खुर्चीवर बसून चार पैसे मिळविण्यात जाईल, हे बऱ्याच अंशी पुढील काही महिन्यांतील उपचारांवर ठरते. दाबामुळे होणाऱ्या जखमा टाळणे, हातांचे बळ वाढविणे, खाटेवरून खुर्चीवर स्वतः सरकणे या गोष्टी कोणीतरी शिकवाव्या लागतात.

हे शिक्षण आठवड्यातून अनेकदा आणि महिनोन् महिने चालते. औषधाची पुडी घेऊन परत यावे, असे ते काम नाही. नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात घरे उतारावर विखुरलेली. पाखाडीच्या पायऱ्या उतरून रस्त्यावर येणे हेच अर्धांगवायूच्या रुग्णाला अशक्य. तेथून रत्नागिरी गाठावयाची, आणि काही विशेष उपचार हवे असतील तर सुमारे १३० किलोमीटरवरील कोल्हापूर किंवा त्याहून कितीतरी दूरची मुंबई. परिणामी चार फेऱ्यांनंतर उपचार सुटतात. म्हणून हे ज्ञान असलेला माणूस रुग्णाच्या जवळपास राहणारा असावा लागतो. ज्याला येथील चढउतार, येथील बोली आणि येथील घरातल्या न्हाणीघराची उंच पायरी ठाऊक आहे, अशा माणसाची सूचना रुग्णाला पटते व पाळता येते. अशी माणसे बाहेरून आणण्यापेक्षा येथील शाळांतून घडविणे अधिक श्रेयस्कर ठरेल.

वाट कशी आहे

भौतिकोपचाराच्या पदवीसाठी बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक आहेत. येथेच पहिली अडचण उद्भवते. गणित चांगले म्हणून विद्यार्थी जीवशास्त्र सोडतो. किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा द्विलक्षी विषय घेताना जीवशास्त्र गळून पडले आहे, हे त्याच्या लक्षातच येत नाही. मागाहून वाट काढता आली तरी त्यात वेळ आणि घरचा पैसा खर्ची पडतो. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तो अर्ज भरण्यापूर्वीच विषयांचा हा विचार झालेला असावा.

महाराष्ट्रात पदवीचे प्रवेश ‘नीट’ या राष्ट्रीय परीक्षेच्या आधारे, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत दिले जातात. ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतूनही उपलब्ध असते. पात्रतेचे गुण व नियम यांत वेळोवेळी बदल होतात; म्हणून ऐकीव माहितीवर विसंबून न राहता त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचणे हेच योग्य. अभ्यासक्रम आंतरवासितेसह साडेचार ते पाच वर्षांचा असतो. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, हालचालीचे यांत्रिकीशास्त्र, व्यायामोपचार व विद्युत् उपचार यांपासून सुरुवात होऊन पुढे अस्थिरोग, मज्जासंस्था, हृदय व फुप्फुसे आणि समाजाधारित पुनर्वसन असा अभ्यास पुढे सरकतो. मुंबईतील के. ई. एम., शीव व नायर ही महानगरपालिकेची रुग्णालये, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांसह पुणे, कऱ्हाड, नवी मुंबई अशा अनेक ठिकाणी हे शिक्षण मिळते. राज्यातील बहुतेक महाविद्यालये १९९८ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०२१ मध्ये संमत झालेल्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांचे शिक्षण व नोंदणी यांस राष्ट्रीय स्तरावर चौकट दिली असून भौतिकोपचाराचा त्यात समावेश आहे.

काही महिन्यांत ‘थेरपिस्ट’ बनविण्याचे आश्वासन देणारे वर्ग शहरोशहरी आढळतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर व्यवसायाची अधिकृत नोंदणी होत नाही. पैसे भरण्यापूर्वी विद्यापीठाची संलग्नता व महाविद्यालयाची मान्यता तपासणे अगत्याचे आहे. तसेच या क्षेत्राच्या शेजारी व्यवसायोपचार, वाचा व श्रवण उपचार, कृत्रिम अवयवनिर्मिती अशा आणखी पदव्या आहेत. एका ठिकाणी प्रवेश न मिळाल्यास विद्यार्थ्याने या वाटाही पाहाव्यात.

खर्चाचा प्रश्न वास्तव आहे. शासकीय व महानगरपालिका संस्थांत शुल्क कमी, पण जागा मोजक्या. खासगी संस्थांत शुल्क अधिक. ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू केला. अनुसूचित जाती-जमातींसाठी स्वतंत्र योजना आहेत. मात्र उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला व त्याची वैधता हे कागद वेळेवर हाती नसतील तर सवलत असूनही नसल्यासारखी होते. जात वैधतेच्या कामास दहावीनंतर लगेच प्रारंभ करावा, हे येथे उपस्थित ग्रामपंचायत सदस्यांनी आपापल्या गावात आवर्जून सांगावे.

शाळेतील पूर्वतयारी

आता मुख्य मुद्दा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने या व्यवसायासाठी काय करावे? ‘नीट’च्या जाडजूड पुस्तकांचे ओझे त्याच्या खांद्यावर आताच द्यावे, असे मुळीच नाही. आज शाळेत जे शिकविले जाते तेच डोळसपणे शिकावे, एवढेच अभिप्रेत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे विज्ञानाचा पाठ आपल्या शरीराशी जोडणे. तरफेचा धडा घ्या. कोपर हा टेकू, तळहातावरील वजन हा भार आणि दंडाचा स्नायू हे बल. हा स्नायू कोपरापासून अवघ्या चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि तळहात तीस-पस्तीस सेंटिमीटर दूर असतो. म्हणजे तळहातावर एक किलो वजन धरले तर, हाताचे स्वतःचे वजन सोडूनही, स्नायूला सुमारे सात-आठ किलो वजनाइतके बल लावावे लागते. हेच गणित कमरेला लावले की लावणीच्या वेळी वाकलेल्या बाईची कंबर का भरून येते आणि चिरा शरीराजवळ धरून, गुडघे वाकवून का उचलावा, हे नववीतील मुलालाही उमगते. ज्या मुलाला हे गणित करताना आनंद वाटतो, त्याचा कल ओळखण्यास यापेक्षा अधिक चांगली कसोटी कोणती?

दुसरी गोष्ट निरीक्षणाची. भौतिकोपचारतज्ज्ञाचे पहिले उपकरण म्हणजे त्याचे डोळे. माणूस कसा उठतो, कोणत्या पायावर भार देतो, पायरी चढताना कोणता हात कठड्याला लावतो, हे तो पाहतो. विद्यार्थ्याने एखाद्या वहीत घरातील आजी-आजोबांच्या उठण्या-चालण्याची नोंद ठेवावी. वर्गात जिना चढण्यापूर्वीची व नंतरची नाडी मोजावी आणि ती पूर्ववत् होण्यास किती वेळ लागतो ते लिहावे. या प्रयोगांना घड्याळाखेरीज कशाचीही गरज नाही.

तिसरी गोष्ट स्वतःच्या शरीराची. हा व्यवसाय बसून करण्याचा नाही. रुग्णाला आधार देऊन उभे करणे, तासन् तास उभे राहणे यास प्रकृती हवी. मल्लखांब, कबड्डी, खो-खो, योगासने यांतून तोल, ताकद आणि लवचिकता म्हणजे काय हे विद्यार्थी स्वानुभवाने शिकतो. शारीरिक शिक्षणाचा तास ‘मोकळा तास’ समजून गणिताला देणाऱ्या शाळांनी याचा जरूर विचार करावा.

चौथी गोष्ट भाषेची. पदवीचे शिक्षण इंग्रजीतून होते आणि मराठी माध्यमातील हुशार मुले पहिल्या वर्षी तेथेच अडखळतात. यास उपाय सोपा आहे. आठवीपासून विज्ञानातील प्रत्येक मराठी संज्ञेशेजारी तिची इंग्रजी संज्ञा लिहिण्याची सवय लावावी : अस्थिबंध म्हणजे लिगामेंट, स्नायुरज्जू म्हणजे टेंडन. दररोज दोन याप्रमाणे तीन वर्षांत दोन हजारांहून अधिक शब्द सहज होतात. पण मराठीकडेही दुर्लक्ष नको. रुग्ण ‘कळ येते’, ‘बधिर झालंय’, ‘मुंग्या येतात’, ‘ठणकतंय’ असे म्हणतो तेव्हा त्यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ निराळा असतो. तो भेद ज्याला कळतो, त्याचे निदान अधिक अचूक ठरते.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे धीर. पक्षाघाताच्या रुग्णाचे बोट हलावयास कधी आठवडे लागतात. आज कालच्यापेक्षा तसूभर अधिक, एवढ्यावर समाधान मानून उद्या पुन्हा तेच करणारा स्वभाव या कामास लागतो. एनसीसी, स्काउट-गाइड, वर्गातील दिव्यांग सोबत्याला मदत, घरातील आजारी माणसाची सेवा यांतून तो स्वभाव घडतो, आणि तो आपल्यापाशी नाही हे कळले तरी तेही ज्ञान वेळेवर मिळाले असे म्हणता येईल.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. विद्यार्थ्याने पाहावे, शिकावे, मदत करावी. उपचार करू नयेत. अर्धांगवायूच्या रुग्णाचा निर्बळ हात ओढला तर खांदा सरकू शकतो. झाडावरून पडलेल्या माणसाला दोघांनी हात-पाय धरून उचलले तर मणक्याची इजा कायमची होऊ शकते. मान व पाठ न हलविता, शक्य असल्यास जागीच ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे आणि हलविणे भागच पडले तर अनेकांनी मिळून सपाट फळीवर घेणे, एवढे मात्र गावातील प्रत्येक मुलाला शिकविले जावे. कोणत्याही व्यवसायात जाणाऱ्या मुलाला ते उपयोगी पडेल.

शाळा, ग्रामपंचायत आणि शासन

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच जिल्ह्यातील मुरूडला गेले. परीक्षेसाठी ते घाट ओलांडून पायी साताऱ्यास गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आज परीक्षा केंद्र जवळ आले, रस्ते आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली. दूर राहिली आहे ती माहिती. ती जवळ आणणे आपणा सर्वांच्या हाती आहे, आणि त्यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही.

शाळांनी दरवर्षी ८ सप्टेंबर हा जागतिक भौतिकोपचार दिन निमित्त मानून तालुक्यातील एखाद्या भौतिकोपचारतज्ज्ञास नववी-दहावीच्या वर्गात निमंत्रित करावे. जिल्हा शासकीय रुग्णालय, २०२३ मध्ये सुरू झालेले रत्नागिरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, डेरवणचे वालावलकर रुग्णालय यांसारख्या संस्थांच्या अनुमतीने आवड असलेल्या चार-पाच मुलांची भेट घडवून आणावी. मुख्याध्यापकांनी दहावीच्या सहामाहीनंतर पालकांची सभा घेऊन विषयनिवडीचा तक्ता समोर ठेवावा. निकालानंतर घेतलेल्या सभेचा फारसा उपयोग होत नाही.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नातील पाच टक्के निधी दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. तो बहुधा वस्तुवाटपात संपतो. त्यातून शाळेला व पंचायत कार्यालयाला उतरंड आणि कठडा बांधला गेला, गरजूला योग्य मापाचा वॉकर मिळाला, तर तो खर्च दिव्यांगांच्या उपयोगी पडेलच, शिवाय गावातील मुलांना पुनर्वसनाचा धडाही डोळ्यांसमोर दिसेल. आरोग्य विभागाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आणि वृद्धांच्या आरोग्यसेवा कार्यक्रमात भौतिकोपचारास स्थान आहे. समावेशित शिक्षणातही आहे. अधिकाऱ्यांनी या सेवांचे दिवस व ठिकाणे शाळांच्या सूचनाफलकांवर लावण्याची व्यवस्था केल्यास रुग्णांची आणि भावी विद्यार्थ्यांची एकाच वेळी सोय होईल.

या व्यवसायात प्रारंभी मिळकत बेताची असते, शहरात स्पर्धा असते आणि स्वतःचे केंद्र नावारूपास येण्यास काही वर्षे जातात. हे विद्यार्थ्यांपासून लपवू नये. त्याचबरोबर येथील वस्तुस्थितीही सांगावी, की तालुक्याच्या गावी स्थिरावणाऱ्या तज्ज्ञास रुग्ण शोधावे लागणार नाहीत. विशेषतः मुलींनी हे शिक्षण घेतल्यास गावातील स्त्रियांना, ज्या परक्या पुरुषाकडून उपचार घेण्यास संकोचतात, मोठाच आधार मिळेल.

एका शाळेतून दहा वर्षांत दोन विद्यार्थी जरी या वाटेने गेले आणि त्यांतील एक जरी जिल्ह्यात परतला, तरी शेकडो शाळांच्या या जिल्ह्यात कोणत्याही गावच्या रुग्णाला उपचारासाठी घाट चढावा लागणार नाही. त्यासाठी शिक्षकाने नववीच्या वर्गात तरफेचा धडा शिकविताना एकदा कोपराकडे बोट दाखवावे आणि सांगावे, की या सांध्यावर ज्यांचे पोट चालते व ज्यांच्यामुळे इतरांचे हात चालतात, अशी माणसे असतात. त्यांच्यापैकी तुम्हीही होऊ शकता.